घरात कारागीर येणार असतील तर मांजराची सोय कशी करावी

प्लंबर ‘पंधरा मिनिटांचं काम आहे’ म्हणून येतो आणि दोन तास जातात. तेवढ्यात तो वॉल्व्ह बंद करायला गच्चीवर जाऊन येतो, हत्यार आणायला खाली गाडीपाशी जातो, हेल्पर एल्बो आणि टेफ्लॉन टेप घ्यायला दुकानात पळतो. प्रत्येक फेरीला घराचं दार उघडतं, आणि हातांत सामान असल्यामुळे बरेचदा तसंच उघडं राहतं. यात त्याची चूक नाही. तो नळ दुरुस्त करायला आलेला असतो. दारावर लक्ष ठेवणं हे आपलं काम.

म्हणून एक नियम मनाशी पक्का करा. अनोळखी माणूस घरात असेपर्यंत मांजर आणि जिना यांच्यामध्ये दोन दारं हवीत: एक घराचं, एक खोलीचं. त्यातलं घराचं दार उघडं राहणारच असं धरून चाला, म्हणजे खोलीच्या दाराला किती महत्त्व आहे ते कळेल.

‘आमची मनी घाबरट आहे, कोणी आलं की पलंगाखाली जाऊन बसते, संध्याकाळपर्यंत बाहेर येत नाही’ असं म्हणून पुष्कळ जण निर्धास्त राहतात. धोका नेमका इथेच आहे. लपायची जागा कोणी हलवेपर्यंतच टिकते. पलंग सरकवला, ट्रॉली ओढली, शेजारच्या भिंतीत ड्रिल घातलं, की मांजर जिवाच्या आकांताने पळतं आणि समोर जी फट दिसेल तिच्यात घुसतं. माणसाला साधारण 20 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला जवळजवळ 85 किलोहर्ट्झपर्यंत. टाइल कापायचं कटर आपल्यालाच नकोसं होतं, मग त्याला काय होत असेल याचा विचार करा.

काम ठरवतानाच विचारून घ्या

दर ठरवायला फोन कराल तेव्हाच चार गोष्टी विचारा. काम कुठल्या खोलीत आहे? माणसं किती येणार? खिडकीची जाळी, एक्झॉस्ट फॅन किंवा एसी काढावा लागणार का? आणि मेन स्विच किती वेळ बंद राहणार?

हा शेवटचा प्रश्न बहुतेकांना सुचत नाही. आपल्याकडे वॉटरप्रूफिंग, वायरिंग, गच्चीची कामं पावसाळ्याच्या आधी, म्हणजे ऐन एप्रिल-मे महिन्यात निघतात. खिडक्या बंद केलेल्या खोलीत मांजर ठेवलं आणि बाहेर इलेक्ट्रिशियनने मेन बंद केला, की त्या खोलीतला पंखाही बंद. नागपूर-अकोल्याच्या उन्हात अशी खोली तासाभरात तापते. त्यामुळे त्या एका खोलीचा एमसीबी (मेन बोर्डावरचा त्या खोलीचा वेगळा स्विच) चालू ठेवून काम करता येईल का ते विचारा. येणार नसेल तर काम सकाळी लवकर सुरू करायला सांगा आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने आत डोकावत राहा. मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ते साधं घाबरणं समजू नका. त्याला गार जागी न्या, ओल्या फडक्याने अंग आणि पंजे पुसा आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरांना फोन करा. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका.

खोली निवडणं आणि तपासणं

मुख्य दारापासून आणि कामापासून जितकी लांब तितकी चांगली. बहुतेक फ्लॅटमध्ये ती आतली बेडरूम असते. बाथरूम सोपी वाटते, पण प्लंबरला नेमकी तिथेच जायची वेळ येते, आणि डक्टकडे, म्हणजे पाइपांसाठी इमारतीत सोडलेल्या उभ्या पोकळीकडे, उघडणारी खिडकी असेल तर ती जागा बिलकूल नको.

डक्टबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ती भानगड वरवर बघून लक्षात येत नाही. बाथरूमच्या खिडकीत काचेच्या आडव्या पट्ट्या असतात. त्या खोबणीत नुसत्या सरकवलेल्या असतात. एक पट्टी निखळली की मांजराचं डोकं जाईल एवढी जागा होते, आणि डोकं गेलं की बहुतेक मांजरांचं अंगही जातं. एक्झॉस्ट फॅनचं तसंच. फॅन चालू असताना त्या भोकाकडे कोणाचं लक्ष जात नाही. सर्व्हिसिंगला तो काढला की भिंतीत नऊ-दहा इंचांचं गोल भोक उरतं आणि पलीकडे थेट पाचव्या मजल्यापासून तळापर्यंतची पोकळी. फॅन काढून नेला असेल तर परत बसेपर्यंत त्या भोकावर प्लायचा तुकडा स्क्रूने मारून घ्या. पुठ्ठा आणि चिकटपट्टी मांजर एका रात्रीत उचकटतं. स्प्लिट एसीच्या पाइपचं भोकही बघा, घरात पिल्लं असतील तर हमखास.

बेडरूम तपासायची ती जमिनीवर बसून, मांजराच्या उंचीवरून. बॉक्स बेडच्या तळाला फट आहे का? हायड्रॉलिक पलंग असेल तर तो त्या दिवशी कोणीही उचलायचा नाही. कपाटामागे, ड्रेसिंग टेबलाखाली हात जाणार नाही अशी जागा असेल तर जुन्या उश्या कोंबून बंद करा. वरच्या माळ्याचं दार लावा, कारण घाबरलेलं मांजर वर चढतं आणि माळ्यावरून उडी मारताना पंखा मध्ये येऊ शकतो. सरकती खिडकी पूर्ण लावून खिटी टाका. डासांच्या जाळीवर भरवसा ठेवू नका. ती डासांसाठी असते, तीन-चार किलोच्या जनावराने नखं रोवून जोर लावला तर एका कडेने सुटते.

खोलीत काय ठेवायचं

मातीचा ट्रे एका कोपऱ्यात, पाणी आणि खाणं त्याच्या समोरच्या कोपऱ्यात. ट्रे नवीन आणू नका आणि मातीही रोजचीच वापरा, आज प्रयोगाचा दिवस नाही. लपायला जागा मात्र द्यायलाच हवी, आणि ती तुम्ही निवडलेली हवी. सर्वांत उत्तम म्हणजे त्याचा कॅरिअर (मांजर न्यायची पेटी), दार उघडं ठेवून, आत तुमची न धुतलेली ओढणी किंवा जुना टी-शर्ट घालून. मांजर आपण होऊन त्यात जाऊन बसलं तर अचानक घर सोडायची वेळ आली तरी नुसतं दार लावून उचलता येतं. कॅरिअर एरवी माळ्यावर असतो आणि फक्त डॉक्टरकडे जाताना खाली येतो, म्हणून मांजर त्याला बघूनच पळतं. कामाच्या आठवडाभर आधी तो काढून खोलीत उघडा ठेवा आणि रोजचं खाणं त्यात द्या.

दोन मांजरं असतील आणि एरवीच अधूनमधून खेटत असतील तर एका खोलीत कोंडू नका. भीतीच्या भरात जुळलेली जोडीसुद्धा एकमेकांवर फिसकारते.

आवाज फार होणार असेल तर त्या खोलीत रेडिओ किंवा पंखा चालू ठेवा, तेवढाच ड्रिलचा दणका बोथट होतो. खूपच भित्र्या मांजरासाठी डॉक्टर काही तास आधी द्यायची सौम्य गोळी लिहून देऊ शकतात. घरातली माणसांची कुठलीही गोळी देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

त्या दिवशी सकाळी

बेल वाजल्यावर मांजर पकडायला धावायचं नाही. कारागिरांची वेळ दहाची असेल तर नऊला मांजर खोलीत गेलेलं असावं. त्याआधी दहा-पंधरा मिनिटं दोरी-पिसाने दमवा, मग खाणं दाखवत खोलीत न्या आणि तिथेच खाऊ द्या. उचलून, ओढून नेलं तर पुढच्या वेळी ते तुमच्या हातालाच येणार नाही.

दार बाहेरून कडी घालून बंद करा आणि लॅच असेल तर किल्ली खिशात ठेवा. कडीला लाल फडकं किंवा रिबन बांधा. कागदावर ‘आत मांजर आहे, दार उघडू नये’ असं मराठीत आणि हिंदीत लिहून डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा, सोबत मांजराचं चित्र काढा. येणाऱ्या सगळ्यांनाच ही लिपी वाचता येते असं नाही, चित्र सगळ्यांना कळतं.

मग माणसांशी बोला. पाणी विचारा आणि काम दाखवायच्या आधीच सांगा: “दादा, त्या खोलीत मांजर आहे. तिकडे काही काम निघालं तर मला हाक मारा, मी दार उघडते.” बहुतेक जण लगेच विचारतात, “ताई, चावत नाही ना?” या प्रश्नाला नीट उत्तर द्या. पुष्कळांना मांजराची खरीच भीती वाटते, कोणाला केसांचा त्रास होतो, आणि त्यांना तुमच्या घरात वाकून, पाठ दाराकडे करून काम करायचं असतं. मांजर कोंडणं ही त्यांचीही सोय आहे हे कळलं की दाराची काळजी तेही घेतात. दोन-तीन माणसं असतील तर हे मिस्त्रीला सांगून भागत नाही, हेल्परलाही सांगा, कारण ये-जा त्याचीच जास्त असते. दुपारी माणूस बदलला तर पुन्हा सांगा.

चुकून कोणाला ओरखडलं किंवा चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायला लावा आणि त्याच दिवशी दवाखान्यात पाठवा. मांजराला रेबीजची लस दिलेली असली तरी त्या माणसाला इंजेक्शन लागेल की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं. मांजराचं लसीचं कार्ड सोबत द्या आणि खर्च आपण करा.

कुठल्या कामात काय सांभाळायचं

सुतारकामात भुसा फारसा धोकादायक नसतो, खिळे, स्क्रू आणि सनमायकाचे धारदार तुकडे असतात. इलेक्ट्रिशियन गेल्यावर वायरचे सोललेले तुकडे आणि उघडे राहिलेले बोर्ड बघा. एसीवाला खिडकीतून बाहेर उतरतो, म्हणजे ती खिडकी तासभर सताड उघडी.

सिमेंट आणि ॲसिडकडे जास्त लक्ष हवं. ओलं सिमेंट, टाइलचं ग्राउट, चुना हे सगळं अल्कधर्मी असतं. मांजर त्यावरून चालतं, मग पंजे चाटतं, आणि तळव्यांसोबत जीभही भाजते. टाइल बसवून झाल्यावर डाग काढायला ॲसिड मारतात, त्या रात्री ती जागा भरपूर पाण्याने धुवून, वाळवून झाल्याशिवाय मांजर तिकडे सोडू नका. फिनेलचंही तेच. काम संपल्यावर बाई उत्साहाने सगळं घर फिनेलने पुसून काढतात, पण फिनॉल आणि पाइन तेल पचवणं मांजराच्या यकृताला जमत नाही. कोमट पाणी आणि थोडा भांड्यांचा साबण, नंतर साध्या पाण्याचा हात, एवढं पुरतं.

रंगकामात वासापेक्षा मला खरवडण्याची धास्ती जास्त वाटते. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नसावं असा नियम भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या घरांत, विशेषतः दारं-खिडक्या आणि ग्रिलच्या जुन्या ऑइल पेंटमध्ये, शिसं भरपूर असू शकतं. तो रंग सँडपेपरने घासला की बारीक धूळ सगळीकडे बसते, मांजराच्या केसांवरही, आणि मांजर दिवसभर स्वतःला चाटत असतं. घासकाम चालू असताना मांजराच्या खोलीच्या दाराखालच्या फटीत ओला टॉवेल लावा. धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या.

अंगाला रंग लागलाच तर पाण्याचा रंग ओला असेतोवर कोमट पाण्याने आणि सौम्य शाम्पूने निघतो. ऑइल पेंट असेल तर टर्पेंटाइन, थिनर, रॉकेल यातलं काहीही लावू नका, ते रंगापेक्षा जास्त विषारी आहे. स्वयंपाकाचं तेल चोळा, फडक्याने पुसा, मग शाम्पू लावा, वाळलेले पुंजके कात्रीने जपून कापा. तोवर मांजराला चाटू देऊ नका, टॉवेलमध्ये गुंडाळून धरा. काही पोटात गेल्याची शंका असेल तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. डब्याचा लेबलसकट फोटो काढा आणि डॉक्टरांकडे निघा.

पेस्ट कंट्रोलच्या दिवशी मात्र बंद खोली पुरत नाही, मांजर घराबाहेर हवं. झुरळं, ढेकूण, मुंग्या यांसाठीच्या अनेक फवाऱ्यांत सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, परमेथ्रिन अशी औषधं असतात. कुत्र्याला चालणारी मात्रा मांजराला सोसत नाही, परमेथ्रिन तर सर्वांत वाईट. लाळ गळणं, कान आणि कातडी थरथरणं, झटके येणं ही लक्षणं दिसली तर वेळ घालवू नका. म्हणून फोनवरच औषधाचं नाव विचारा. ‘हर्बल आहे, काही होत नाही’ हे उत्तर पुरेसं नाही, निलगिरी आणि लिंबूवर्गीय तेलंही मांजराला बाधतात. फक्त झुरळं असतील तर फवारणीऐवजी जेलचे ठिपके बिजागऱ्यांच्या आत, ट्रॉलीच्या मागे लावून घ्या. वाळवीसाठी भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध सोडतात, तेव्हाही मांजर घराबाहेरच ठेवा. उंदरांच्या वड्या आणि चिकट पॅड मांजराच्या घरात ठेवायला ठाम नकार द्या. ब्रोमॅडिओलोनसारख्या औषधाने अंतर्गत रक्तस्राव होतो आणि तो काही दिवसांनी दिसतो, तोवर कोणाला वडीची आठवणही राहिलेली नसते.

बिल्डिंगचं बाहेरून काम

सोसायटीचं रंगकाम किंवा प्लास्टर निघालं की गोष्ट एका दिवसाची राहत नाही. महाराष्ट्रात सोसायट्यांच्या उपविधींनुसार 30 वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, दर तीन वर्षांनी करायचं असतं, त्यामुळे जुन्या सोसायट्यांत परांची वरचेवर उभी राहते. खिडकीबाहेर बांबू आले म्हणजे मांजराला थेट तळापर्यंतची शिडी मिळाली. आणि प्लास्टर करताना बाल्कनीची कबुतरांची जाळी कापली जाते. पुष्कळदा ती घरातल्या माणसांना न सांगताच कापतात, कारण कामगार परांचीवर असतो आणि त्याच्या दृष्टीने ती फक्त कबुतरांची जाळी.

तेव्हा काम सुरू व्हायच्या आधी सेक्रेटरींना लेखी कळवा: अमुक फ्लॅटमध्ये मांजर आहे, जाळी काढण्याच्या आदल्या दिवशी सांगावं, आणि काम झाल्यावर जाळी परत लावून मिळावी. तोंडी सांगितलेलं सुपरवायझरपर्यंत पोचत नाही. जाळी निघाल्यापासून परत बसेपर्यंत बाल्कनीचं दार बंद, महिनाभर म्हणजे महिनाभर. ‘मांजर पडलं तरी पायावर पडतं’ यावर विसंबू नका. 1987 साली न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी उंचावरून पडलेल्या 132 मांजरांची पाहणी प्रसिद्ध केली. दवाखान्यात आणलेल्यांपैकी सुमारे 90 टक्के वाचली खरी, पण कोणाचा जबडा मोडला होता, कोणाच्या छातीला मार होता, कोणाचे पाय मोडले होते. शिवाय जी जागीच गेली ती दवाखान्यापर्यंत आलीच नव्हती.

काम संपल्यावर

फॉल्स सीलिंग, किचनची ट्रॉली, बाथरूमचं पॅनेल, ओट्याखालची फळी यातलं काहीही बंद करायच्या आधी मांजरं मोजा. डोळ्यांनी बघून मोजा. कारागिरांच्या पिशव्या आणि रिकामी खोकी बाहेर जाण्यापूर्वी त्यातही नजर टाका. माणसं गेली, मुख्य दार लागलं, की मगच झाडलोट. जमिनीवरून एखादं लोहचुंबक फिरवलं तर केरसुणीतून सुटलेले खिळे आणि स्क्रू निघतात. पितळी आणि स्टेनलेस स्टीलचे हाताने वेचावे लागतात. दोऱ्याचे, टेफ्लॉन टेपचे, केबल टायचे तुकडे आठवणीने उचला. मांजर ते गिळतं आणि आतड्यात अडकले की ऑपरेशनशिवाय इलाज नसतो. नहाणी ट्रॅपची जाळी परत बसवली का तेही बघा.

तरीही निसटलं तर

काम थांबवा, मुख्य दार लावा आणि आधी घर शोधा. बाहेर गेलं असं वाटणारं मांजर पुष्कळदा वॉशिंग मशीनमागे किंवा उघड्या ट्रॉलीत सापडतं. घरात नसेल तर बिल्डिंग: जिना वर आणि खाली, मीटर रूम, लिफ्टची मशीन रूम, डक्टचा तळ, पार्किंगमधल्या गाड्यांच्या खाली. वॉचमनला सांगून निघणाऱ्या गाड्यांच्या बॉनेटवर थाप मारायला लावा. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांच्या एका अभ्यासात, जो 2018 मध्ये छापून आला, सापडलेल्या मांजरांपैकी तीन चतुर्थांश निसटल्या जागेपासून 500 मीटरच्या आतच होती. घरात वाढलेलं मांजर तर सहसा त्याहूनही जवळ, मुकाट बसलेलं असतं. ते ओ देत नाही, म्हणून ते तिथे नाही असं समजू नका. रात्री एक-दोनच्या सुमारास, वर्दळ थांबल्यावर, टॉर्च जमिनीलगत धरून पुन्हा फिरा, डोळे चमकतात. दिसलं तर मागे धावू नका. खाली बसा, खाण्याचा डबा वाजवा आणि ते येईपर्यंत थांबा.

पुढचे दोन-तीन दिवस

सगळं घर एकदम उघडू नका. आधी खोलीचं दार किलकिलं करून ठेवा, मांजर आपल्या वेळेने बाहेर येईल. नवीन रंगाचा, प्लायचा वास असलेल्या जागेत त्याची जुनी गादी ठेवा.

खाणं आणि मातीचा ट्रे या दोन्हीकडे लक्ष असू द्या. चोवीस तास अन्नाला तोंड लावलं नाही तर डॉक्टरांना विचारा. जाड मांजर काही दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठून गंभीर आजार होतो. आणि बोका असेल तर तो लघवी करतोय ना, हे नक्की बघा. ताणामुळे बोक्यांचा मूत्रमार्ग सुजतो आणि अडतो. पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसणं, कण्हणं, खालची जागा सारखी चाटणं आणि माती मात्र कोरडी, असं दिसलं तर रात्रीचे अकरा वाजलेले असले तरी दवाखाना गाठा. सकाळपर्यंत थांबायला त्याच्याकडे वेळ नसतो.